झाकण लावलं म्हणून तेल होत नाही

खनिज तेलाबद्दलचं एक वाक्य इतक्या वेळा छापलं गेलं आहे की आता त्याला कुणी पुरावा मागत नाही. समुद्रतळाशी ऑक्सिजन नसला की मेलेले जीव कुजत नाहीत. कुजत नाहीत म्हणून गाळात टिकतात. टिकतात म्हणून त्यांचं तेल होतं. समजावून सांगणारा हमखास लोणच्याच्या बरणीचा दाखला देतो: झाकण घट्ट, म्हणून आतला माल शाबूत. एवढ्यावर थांबलं असतं तर अर्धवट विज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण या वाक्याला दोन शेपट्या फुटल्या आहेत. पहिली अशी, की अरबी समुद्रातला ऑक्सिजन घटतोय म्हणजे तिथे उद्याचं तेल शिजतंय. दुसरी जास्त सभ्य दिसते, म्हणूनच जास्त घातक आहे: ऑक्सिजन नसलेला समुद्र कार्बन गाडून टाकतो, तेव्हा हवामानबदलाच्या हिशेबात तो जमेच्या बाजूला धरावा.

या तिन्ही विधानांचा प्रतिवाद करायला हैदराबादसारखी दुसरी जागा नाही. हे शहर सुमारे अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटवर बसलेलं आहे. या खडकात तेल शोधायला कुणी जाणार नाही, आणि समुद्र इथून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर आहे. तरीही प्रगतीनगरच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रात हिंदी महासागरात तरंगणाऱ्या आर्गो यंत्रांची माहिती रोज जमा होते, आणि त्यांतली काही यंत्रं पाण्यातला ऑक्सिजनही मोजतात. उप्पल रस्त्यावरची एनजीआरआय ही भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ पासून पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करते आहे. तेल-वायूचा माग आणि समुद्रतळाखालचे गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या स्फटिकांत कोंडलेला वायू, हे तिचे जुने विषय. एक संस्था पाण्यातला ऑक्सिजन पाहते, दुसरी तळाखालचा कार्बन. या दोहोंच्या मधे जे घडतं ते बरणीच्या झाकणाइतकं सोपं असतं, तर पहिलीच्या नकाशावर दुसरीने खुणा केल्या असत्या आणि तेल कंपन्यांनी तिथे विहिरी खोदल्या असत्या. तसं होत नाही. का होत नाही, हाच या लेखाचा विषय.

आधी प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. ऑक्सिजन सेंद्रिय द्रव्याचा शत्रू आहे, यात वाद नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिकच्या तळावरच्या मदैरा मैदानात मिळाला. सुमारे एक लाख चाळीस हजार वर्षांपूर्वी खंडाच्या उतारावरून गाळाचा एक प्रचंड लोंढा घसरला आणि खोल तळावर एकसारखा पसरला. त्याच्या वरच्या थरात पाण्यातला ऑक्सिजन हजारो वर्षं हळूहळू झिरपत राहिला. खालच्या थरापर्यंत तो पोचलाच नाही. गाळ तोच, द्रव्य तेच, उगम तोच. आज खालच्या थरात सेंद्रिय कार्बन सुमारे एक टक्का आहे, वरच्यात जेमतेम ०.२ टक्का. म्हणजे शंभरातले ऐंशी भाग ऑक्सिजनने खाल्ले.

तेलाच्या बाजूनेही पुरावा आहे. डेमेसन आणि मूर यांनी १९८० मध्ये तेल देणाऱ्या खडकांची सांगड ऑक्सिजनविरहित खोऱ्यांशी घातली आणि तेल कंपन्यांच्या भूशास्त्रज्ञांची एक पिढी त्या निबंधावर वाढली. जगातल्या मूळ तेलसाठ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साठा भूशास्त्रीय इतिहासातल्या मोजक्या सहा कालखंडांतल्या खडकांतून आला, असं क्लेमे आणि उल्मिशेक यांनी १९९१ मध्ये दाखवलं. त्यांतले काही कालखंड समुद्रांचा श्वास कोंडल्याचे कालखंड म्हणून प्रसिद्ध आहेत. तेव्हा ऑक्सिजनचा संबंधच नाही असं म्हणणारा माणूस अडाणी ठरेल. माझा आक्षेप वेगळा आहे. संबंध आहे, म्हणून तेच कारण आहे, आणि तेच पुरेसं कारण आहे, असं मानणं म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं.

पहिला मुद्दा: ऑक्सिजन नसला की कुजणं थांबतं, हे विधानच चूक आहे. ज्याच्या दारात कधी गोबरगॅसची टाकी होती त्याला हे शिकवावं लागत नाही. टाकीत हवा जाऊ देत नाहीत, तरी शेण मुरतं आणि त्याचा वायू होऊन चूल पेटते. समुद्रातही हेच चालतं. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, तो संपला की मँगनीज आणि लोहाच्या संयुगांवर, मग सल्फेटवर. आणि सल्फेटही संपलं की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटचा साठा इतका मोठा आहे की ऑक्सिजन गेल्यावरही मेजवानी बराच काळ चालू राहते. ताज्या शेवाळाच्या बाबतीत प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट तर झाकणवाद्यांना थेट अडचणीची आहे. साधी प्रथिनं आणि शर्करा ऑक्सिजन असताना आणि नसताना जवळपास सारख्याच वेगाने संपतात. ऑक्सिजनची खरी गरज लागते ती लिग्निनसारख्या चिवट, जुन्या द्रव्याला फोडताना.

याचा पुरावा हैदराबादच्या शास्त्रज्ञांना परिचयाचा आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने गॅस हायड्रेट बाहेर काढलं. एका विहिरीत तर शंभर मीटरहून जाड पट्ट्यात ते भेगांमधून भरलेलं सापडलं. या हायड्रेटमधला मिथेन मुख्यतः सूक्ष्मजीवांनी बनवलेला आहे, खोल उष्णतेने नव्हे. म्हणजे ज्या गाळात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे सेंद्रिय द्रव्य स्वस्थ पडून राहिलेलं नाही. त्याचा एक भाग खाल्ला गेला आणि त्याचा वायू झाला. झाकण होतं, तरी माल शाबूत राहिला नाही.

दुसरा मुद्दा: झाकणाचा सिद्धान्त जिथे सर्वांत सोप्या रीतीने सिद्ध व्हायला हवा, तिथेच तो अडखळतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीत जगातल्या सर्वांत जाड आणि तीव्र ऑक्सिजन-टंचाईच्या पट्ट्यांपैकी एक आहे. मोसमी वाऱ्यांनी वर आलेल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं, मरून खाली जाताना ते ऑक्सिजन खातं, आणि उत्तरेला जमिनीने कोंडलेल्या या समुद्रात ताजं पाणी पुरेसं येत नाही. भारताच्या पश्चिम उतारावर हा पट्टा जिथे तळाला टेकतो त्या भागातल्या गाळात सेंद्रिय कार्बन भरपूर आहे. झाकणवाद्यांना हवा तसाच योग.

पण यावरच नव्वदच्या दशकात खडाजंगी झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या काही संशोधकांनी १९९२-९३ मध्ये मांडलं, की हा कार्बन ऑक्सिजनच्या टंचाईनेच टिकला आहे. उलट कॅल्व्हर्ट आणि पेडरसन यांनी, गोव्याच्याच संस्थेतले पी. डी. नायडू यांना बरोबर घेऊन, १९९५ मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की उतारावरचा हा कार्बनचा उंचवटा तीन गोष्टींनी समजावता येतो: वरून किती माल पडतो, त्यात किती माती मिसळून तो पातळ होतो, आणि तळावरचे प्रवाह बारीक कण कुठे राहू देतात आणि कुठून धुऊन नेतात. एकाच संस्थेतले लोक दोन बाजूंना उभे राहावेत, यातच प्रश्नाची गुंतागुंत दिसते. कॅल्व्हर्ट यांनी १९९१ मध्ये काळ्या समुद्राचाही हिशेब मांडला होता. हा समुद्र ऑक्सिजनविरहित समुद्राचं पाठ्यपुस्तकी उदाहरण: वरचा पातळ थर सोडला तर दोन किलोमीटरहून खोल तळापर्यंत ऑक्सिजनचा पत्ता नाही. तिथे सध्या कार्बन साचण्याचा वेग कमीच निघाला. झाकण पक्कं असूनही बरणी भरत नव्हती, कारण वरून पडणारा मालच बेताचा होता.

तिसरा मुद्दा आपल्या नद्यांचा. व्हॅलिए गाली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून वाहून आणलेला जमिनीवरचा सेंद्रिय कार्बन बंगालच्या उपसागराच्या तळावर जवळजवळ पूर्ण टिकतो. त्यांनी कारणं दोन दिली: हिमालयाच्या झिजेमुळे भरभर साचणारा गाळ आणि उपसागरातली ऑक्सिजनची कमतरता. प्रतिपक्ष यातल्या दुसऱ्या कारणावर झडप घालेल हे उघड आहे. त्यांना एकच विचारावं: ऑक्सिजनची टंचाई हेच निर्णायक असेल, तर मान अरबी समुद्राला का मिळत नाही? त्याचा पट्टा उपसागराच्या पट्ट्यापेक्षा तीव्र आहे. फरक गाळाचा आहे. उपसागरात नद्या इतका गाळ ओततात की काल पडलेलं पान आज गाडलं जातं, आणि गाडलं गेलं की वरच्या पाण्यात ऑक्सिजन असो वा नसो, त्या पानापर्यंत तो फारसा पोचत नाही.

यात गोदावरीचाही हात आहे. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीतून निघून नाशिक, पैठण, नांदेड करत ही नदी दख्खनची माती राजमहेंद्रीपलीकडे समुद्रात टाकते. २००६ च्याच मोहिमेत तिच्या मुखासमोर हजार मीटरहून अधिक खोल पाण्यातून गाळाचा एक गाभा काढला गेला. त्यातल्या झाडांच्या पानांवरच्या मेणाच्या अंशांवरून पोंटन, जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गोदावरी खोऱ्यातल्या गेल्या काही हजार वर्षांच्या पावसाचा आणि वनस्पतींचा इतिहास वाचला. हे मेण इतक्या काळात नष्ट झालं नाही. ऑक्सिजन असलेल्या नदीतून ते शेकडो किलोमीटर वाहत आलं. तरीही ते टिकलं, ते मातीच्या कणांना चिकटून, आणि वेळेवर गाडलं गेल्यामुळे.

मातीला चिकटणं ही किरकोळ बाब नाही. कील, हेजेस आणि मेयर यांच्या नव्वदच्या दशकातल्या कामाने दाखवलं की खंडांच्या काठावरच्या गाळात बहुतेक सेंद्रिय द्रव्य खनिज कणांच्या पृष्ठभागाला धरून असतं आणि तिथे जिवाणूंच्या विकरांचा हात सहज पोचत नाही. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून चिकणमातीचा गाळ वाळूपेक्षा कितीतरी जास्त कार्बन धरतो. याच हेजेस-कील मंडळींनी, हार्टनेट यांना पुढे ठेवून, १९९८ मध्ये प्रश्न नव्याने मांडला. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही हे विचारू नका, ते म्हणाले. एखादा सेंद्रिय कण गाळात कायमचा गाडला जाण्याआधी ऑक्सिजनच्या सहवासात किती काळ राहतो ते मोजा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या वायव्य किनाऱ्यावर हा काळ जसा वाढत गेला तसा गाडला जाणारा कार्बनचा वाटा घटत गेला.

माझ्या मते या एका मोजणीने जुना वाद निकालात काढला, आणि तो झाकणवाद्यांच्या विरोधात. कारण हा काळ ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत: ऑक्सिजन गाळात किती खोल शिरतो, आणि गाळ किती वेगाने साचतो. पहिली शून्य झाली तर काळ शून्य होतो, कबूल. पण दुसरी पुरेशी मोठी झाली तरी काळ जवळपास तितकाच आखूड होतो. जगातल्या समुद्रतळावर दर वर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा नद्यांच्या मुखाशी आणि खंडांच्या काठावर जातो, काळ्या समुद्रासारख्या श्वास कोंडलेल्या खोऱ्यांत नव्हे. हा हिशेबसुद्धा हेजेस-कील यांचाच.

आता चौथा मुद्दा, आणि तो आपल्या पंपावरच्या तेलाशी भिडतो. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाने लावला. तिथलं तेल मायोसीन काळातल्या चुनखडकात साठलेलं असलं तरी ते जन्मलं मुख्यतः त्याहून जुन्या, साधारण पाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीच्या पन्ना थरांत. हे थर त्रिभुज प्रदेशाच्या आणि खाजणांच्या वातावरणातले आहेत, त्यांत कोळशाचे पट्टे आहेत आणि झाडपाल्याचा मोठा वाटा आहे. आसामात, जिथे दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागलं, तिथेही बराइल थरांतले कोळसे आणि शेल हे महत्त्वाचे स्रोत मानले जातात. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या जमिनीवरच्या भागात कोम्मुगुडेमचे पर्मियन काळातले कोळशाचे थर वायू देतात. राजस्थानात बाडमेरजवळ २००४ मध्ये सापडलेल्या मंगलाचं मेणचट तेल तर समुद्रातलं नाहीच. ते प्राचीन सरोवराच्या शेवाळातून आलं. तळाशी कोंडलेला खोल समुद्र, हे पुस्तकातलं एकमेव चित्र; आपल्या देशातल्या तेलाचा बराचसा भाग त्या चित्राबाहेर जन्मलेला.

इथे जाणकार प्रतिपक्षी एक दमदार आक्षेप घेईल, आणि तो टाळणं लबाडी होईल. तो म्हणेल, कार्बन टिकून भागत नाही, हायड्रोजन टिकावा लागतो. समुद्री शेवाळाचं द्रव्य हायड्रोजनने समृद्ध असतं, म्हणून ते तेल देतं. लाकडाचं द्रव्य गरीब, ते प्रामुख्याने वायू देतं. आणि ऑक्सिजनने पोळलेलं द्रव्य जवळपास काहीच देत नाही. ऑक्सिजनचा अभाव ही गुणवत्ता राखतो. बरोबर आहे. उत्तम प्रतीच्या समुद्री स्रोतखडकासाठी कमी ऑक्सिजन ही मोठी मदत आहे आणि जगातल्या कित्येक मोठ्या तेलक्षेत्रांमागे ती उभी आहे. पण मदतीला कारणाच्या आसनावर बसवलं की पुढच्या दोन पायऱ्या गायब होतात. सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या घटनेत जगभर काळे शेल साचले, तिच्यातही आधी ज्वालामुखींमुळे समुद्रात पोषकद्रव्यं वाढली आणि शेवाळ माजलं, ऑक्सिजन नंतर संपला, असं मत बळकट आहे. म्हणजे झाकण पडण्याआधी बरणी भरू लागली होती. आणि गाळ साचल्यावरही तो तसाच तेल होत नाही. त्यातलं केरोजेन, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचं घट्ट, न विरघळणारं रूप, दोन-चार किलोमीटर खोल जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात लाखो-कोट्यवधी वर्षं तापावं लागतं. तापमान कमी पडलं तर कच्चं राहतं, फार वाढलं तर तेल मोडून वायू होतो. मग ते निघून साठायला सच्छिद्र खडक हवा, वर अभेद्य छत हवं, आणि सापळा वेळेआधी तयार हवा. ‘अरबी समुद्रात उद्याचं तेल शिजतंय’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं की त्या उद्याची तारीख कुठल्या कॅलेंडरमध्ये पाहायची.

शेवटचा मुद्दा जमाखर्चाचा. जगाच्या समुद्रांत शेवाळ दर वर्षी सुमारे ५,००० कोटी टन कार्बन बांधतं. त्यातला सुमारे १६ कोटी टन समुद्रतळात गाडला जातो: हजारात जेमतेम तीन. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून दर वर्षी सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडतो. म्हणजे जगातला सगळा समुद्रतळ वर्षभरात जितका कार्बन गाडतो, त्याच्या साठपट आपण त्याच वर्षात उधळतो. समुद्राची कोंडी करून ही गाडणी दुप्पट झाली असं वादासाठी धरलं, तरी हिशेबात दीडेक टक्क्याचा फरक पडेल.

त्या दीडेक टक्क्यासाठी किंमत काय, तेही पश्चिम किनाऱ्याला माहीत आहे. मोसमी पावसाच्या दिवसांत कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर चढून येतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्यासमोर तळाजवळ सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आढळतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की या कोंडीत नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. मासे, कोळंबी, खेकडे यांना या पाण्यात राहता येत नाही. ते पळतात किंवा मरतात. १९६० पासून जगातल्या समुद्रांनी सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावला आहे. रत्नागिरीच्या, मालवणच्या, कारवारच्या मच्छीमाराचं जाळं रिकामं येत असेल तर त्याला कार्बन गाडला जातोय म्हणून समाधान मानायला सांगणं म्हणजे घर जळत असताना कोळसा स्वस्त मिळेल म्हणून हिशेब करणं.

तेव्हा पाठ्यपुस्तकातलं ते एक वाक्य बदलावं. सेंद्रिय द्रव्य गाळात टिकतं ते पुरेसा माल, बारीक माती आणि वेगवान गाडणी यांच्या जोरावर. ऑक्सिजनचा अभाव या तिघांना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही. आणि तेल व्हायला त्यानंतरही उष्णता, काळ आणि सापळा लागतो. हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे, आणि दहावीच्या मुलाला समजण्यासारखं आहे. आणि इन्कॉइसच्या आलेखात अरबी समुद्राच्या ऑक्सिजनची रेघ खाली झुकली, तर तिची नोंद खर्चाच्याच बाजूला करावी. तिला तेलाची किंवा कार्बन-बचतीची आशा चिकटवणाऱ्याला भूशास्त्राचा आधार नाही, आणि समुद्रशास्त्राचा तर मुळीच नाही.